माझं बारसं नेपरव्हिलला झालं

मला आभाळात शोधायला जाऊ नका, मान अवघडेल आणि हाती काही लागणार नाही. मी तारा आहे खरा, पण तांबडा, बुटका आणि मंद. तुमचे शास्त्रज्ञ मला सरळ ‘लाल खुजा तारा’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, काही वाटत नाही त्यांना. राहतो तुमच्यापासून फक्त सोळा प्रकाशवर्षांवर. आमच्यात याला शेजार म्हणतात. एवढा शेजारी असूनही तुमच्यातल्या एकानंही मला आजवर नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

सोळा प्रकाशवर्षं म्हणजे काय, तर तुमच्याकडे घडलेलं मला सोळा वर्षांनी दिसतं आणि मी काही केलं तर ते तुम्हाला सोळा वर्षांनी कळतं. त्यामुळे ही गोष्ट तुमच्याकडे शिळी झाली असेल, माझ्याकडे अजून वाफाळतेय. आता, घराच्या छपरातून तुला दिसतं कसं, बोलणं ऐकू येतं कसं, असले चौकस प्रश्न विचारू नका. शाळेत तुम्हीच फाटक्या छत्रीला आणि मोडक्या खुर्चीला पानपानभर बोलायला लावलंत, तेव्हा कुणी विचारलं होतं? मी तर तारा आहे.

माझा जन्म धुळीच्या आणि वायूच्या एका थंड ढगात झाला. मला घडवताना माल कमी पडला आणि कुणी आणायला गेलं नाही. तुमचा सूर्य बघा, कसा थाटात भसाभसा जळतो! हजार कोटी वर्षांत त्याचा कारभार आटोपणार. मी हात राखून जळतो. आत्ता माझं वय सात-आठशे कोटी, आणि अजून कित्येक लाख कोटी वर्षं मी असाच जळत बसणार आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मला पोरं दोन. थोरला मला इतका चिकटून फिरतो की आठवडा संपायच्या आत त्याचं एक वर्ष होतं. धाकटा जरा लांब, पण त्याची तऱ्हा अशी की तोंड कायम माझ्याकडे आणि पाठ कायम काळोखात, त्यामुळे एका बाजूनं भाजलाय आणि दुसऱ्या बाजूनं गोठलाय. बापाचं लक्ष नाही म्हणाल तर आहे, पण करणार काय? माझी स्वतःची प्रकृतीही तोळामासा. अंगावर मोठमोठे काळे डाग उठतात, महिनोन्‌महिने जात नाहीत. मधेच माझं डोकं फिरलं की मी भडकतो, थोडा वेळ दुप्पट उजळतो आणि मग पुन्हा आपला मंद.

नाव म्हणाल तर मला नव्हतं. तुमच्या कुठल्याशा यादीत दोन अक्षरं आणि तीन आकडे होते माझ्यासाठी, गाडीच्या नंबर प्लेटसारखे.

तर अशा माझ्याकडे कुणी टक लावून बघावं, यावर माझा विश्वास बसला नसता. पण बघितलं. स्वानंदीनं. अमरावतीची पोरगी, पुण्याला फिजिक्स शिकली आणि पीएचडी करायला शिकागोजवळच्या एका विद्यापीठात आली. लांबच्या डोंगरावरची मोठी दुर्बीण मला बघायची आणि तिचे आकडे स्वानंदीच्या संगणकावर यायचे. मग ही दिवसाढवळ्या, मॅगी खात, माझे आकडे चाळत बसायची. असं तीन वर्षं चाललं होतं. इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलेलं नव्हतं. मला उगाच ताठ बसावंसं वाटायचं.

ती शोधत होती माझी पोरं. ती एवढ्या लांबून दिसत नाहीत, पण फुगडी घालताना जाड्या बाईलाही थोडं हलावंच लागतं ना? तसा पोरं फिरली की मी जरासा डुलतो. त्या डुलण्यावरून पोरं ओळखायची. थोरला आणि धाकटा तिच्या सरांनी आधीच ओळखले होते. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात स्वानंदीला तिसरं डुलणं सापडलं, सव्वा महिन्याला एकदा होणारं. तिनं खुर्चीतच उडी मारली. सर खूश झाले. म्हणाले, पेपर लिहून टाक, सप्टेंबरातली लेबर डेची सुट्टी संपली की पाठवू. आणि वर म्हणाले, हा पेपर गेला तर पुढच्या वर्षीचं फंडिंग नक्की, नाही तर माझ्याकडे काही शिल्लक नाही. फंडिंग नाही म्हणजे शिक्षण नाही, शिक्षण नाही म्हणजे व्हिसा नाही आणि व्हिसा नाही म्हणजे डिसेंबरात अमरावती. पोरीचं सगळं घोडं त्या तिसऱ्या ग्रहावर येऊन अडलं होतं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. तो ग्रह नव्हता. तो माझ्या अंगावरचा डाग होता.

मी स्वतःभोवती फिरतो सव्वा महिन्यात एकदा. डाग माझ्याबरोबर फिरतो, इकडून उगवतो, तिकडे मावळतो, आणि त्यानं माझा उजेड असा काही फसवा होतो की बघणाऱ्याला वाटावं, हा डुलतोय. मी काही तिला मुद्दाम गंडवलं नाही हो! पण सांगणार कसं? ओरडलो असतो तरी पोचायला सोळा वर्षं.

इकडे बातमी फुटली. स्वानंदी दर विकेंडला ट्रेननं शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलला जायची, मालिनी काकूंकडे. काकूंचे यजमान एकनाथ काका हे तिच्या बाबांचे वर्गमित्र, शॉमबर्गला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. मालिनी काकू त्या भागातल्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष. बाईंचा आवाज असा, की माझ्यापर्यंत आला तो उजेडानं आला की काकूंनी थेट मारला, मला अजून शंका आहे. स्वानंदीनं जेवताना सहज सांगितलं, “काकू, बहुतेक एक ग्रह मिळालाय.” त्यातलं ‘बहुतेक’ काकूंनी गिळून टाकलं आणि उरलेलं वाक्य संध्याकाळपर्यंत अर्विंगच्या बहिणीकडे, म्हणजे टेक्सासपर्यंत पोचवलं.

नेमक्या त्याच आठवड्यात तुमच्या शास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला ग्रहांमधून काढून टाकलं. सगळीकडे हळहळ. काकूंच्या डोळ्यांत मात्र चमक आली. “एक गेला तर गेला! आपल्या मंडळाचा येतोय ना नवीन!” गणपती होतेच. लेबर डेच्या शनिवारी शाळेचा हॉल घेतलेला होता. नाच होता, अथर्वशीर्ष होतं, मसालेभात होता. त्यात काकूंनी स्वानंदीचा सत्कार घातला आणि तेवढ्यावर भागेना, तेव्हा ग्रहाचं बारसं घातलं.

होय, बारसं. माझ्या डागाचं.

पाळणा कुणाच्या तरी गराजमधून आला. बाळ म्हणून काकूंच्या लेकीचा, राधिकाचा, बास्केटबॉल घेतला. राधिका म्हणाली, “मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग,” पण बॉल दिला. एकनाथ काकांच्या आई, अहिल्या आजी, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी बसल्याबसल्या बॉलच्या मापाची कुंची शिवली, लाल, जरीच्या काठाची. आत्या कोण, यावर दोन दिवस फोनाफोनी झाली आणि शेवटी काकूंनी ते पद स्वतःकडे घेतलं. ग्रहाची आत्या, म्हणजे माझी बहीण. सात-आठशे कोटी वर्षं मी एकटा होतो आणि एकदम मला बहीण मिळाली, तीही नेपरव्हिलला, चार बेडरूमच्या घरात. नाव काय ठेवायचं, यावर त्याहून भांडण. अमेरिकन लोकांना म्हणता आलं पाहिजे, ही मुख्य अट. शेवटी ‘नील’ ठरलं. तांबड्या ताऱ्याच्या पोराचं नाव नील! पण मला कोण विचारतंय.

शुक्रवारी दुपारी स्वानंदी पेपरावर शेवटचा हात फिरवत होती. तिच्या एका मित्रानं एका छोट्या दुर्बिणीनं माझा नुसता उजेड मोजला होता, किती कमी, किती जास्त. ते आकडे तिनं मागून घेतले होते, उगाच, एक शोभेची आकृती काढायला. तिनं ते आपल्या डुलण्याच्या आकड्यांखाली मांडले. ग्रह असता तर माझ्या उजेडाला काही फरक पडायला नको होता. पण डुलणं आणि उजेड दोन्ही सव्वा महिन्याच्या एकाच तालात वरखाली होत होते.

पोरगी हुशार. तिनं दोन्ही आलेख एकावर एक ठेवून बघितले. मग हळूच म्हणाली, “अरे यार. डाग आहे हा.”

मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू! आपल्या अंगावरच्या पुळीनं कुणाचं शिक्षण बुडावं, असं बापजन्मी कधी मनात तरी आलं होतं का? बरं, ते उजेडाचे आकडे दुसऱ्या कुणाकडे नव्हते. मित्राला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. तिनं ती फाइल बंद करून पेपर पाठवला असता, तर चारदोन वर्षं कुणाला पत्ता लागला नसता, आणि तोवर हिच्या नावापुढे डॉक्टर लागलं असतं. हे तिलाही कळत होतं. ती फाइल तिनं दोनदा बंद केली आणि दोनदा उघडली.

संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला आलेल्या एकनाथ काकांना तिनं गाडीत सगळं सांगून टाकलं. काकांनी शांतपणे ऐकलं.

“हे बघ,” ते म्हणाले, “आमच्याकडे याला नोन इश्यू म्हणतात. प्रॉडक्ट रिलीज करायचं. कुणी कम्प्लेन केली तर फिक्स करायचं. नाहीच केली तर उत्तम.”

“पण काका, ग्रह नाहीच आहे तिथे.”

“अगं, आमच्या प्रॉडक्टमध्ये तरी काय असतं?” काका म्हणाले. मग तिचा चेहरा बघून जरा वरमले. “तुझ्या काकूला सांगणार आहेस का?”

तिनं प्रयत्न केला बिचारीनं. स्वयंपाकघरात काकू चक्क्यात साखर फेटत होत्या. “काकू, त्या ग्रहाबद्दल जरा बोलायचं होतं.” “उद्या स्टेजवर बोल गं, पाच मिनिटं दिलीत तुला! हे हलव जरा.” आणि श्रीखंडाचं पातेलं तिच्या हातात दिलं. तिनं हलवलं. त्या रात्री पोरगी झोपली नाही आणि मीही नाही. माझं एक ठीक आहे, मी तसाही झोपत नाही.

शनिवारी हॉल भरला. दोनशे माणसं, सगळी जरीकाठात. लहान मुलांनी नाच केला, एकानं मधेच रडून घेतलं. मग काकू माईकवर आल्या. स्वानंदीला शाल, श्रीफळ आणि एक घड्याळ मिळालं. टाळ्या. तिचा चेहरा पांढराफटक. पाळणा पुढे आणला. आत कुंची घातलेला बास्केटबॉल. बायका जमल्या, गोविंद-गोपाळ करत बॉल पाळण्याच्या वरून-खालून फिरला, कुणीतरी हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला. काकू, म्हणजे माझी बहीण, नाव सांगायला वाकल्या.

“काकू, थांबा,” स्वानंदी म्हणाली. माईक चालूच होता. “ग्रह नाहीये.”

“अगं, बॉल प्रतीकात्मक आहे.”

“तसं नाही काकू. खराच नाहीये. मला काल कळलं. तो ताऱ्यावरचा डाग आहे. माझी चूक झाली. मी पेपर पाठवणार नाहीये.” आणि शाल काढून तिनं घडी घालायला घेतली. घडी काही नीट होईना.

मागे मसालेभाताचं झाकण वाजलं. कुणीतरी कुणालातरी विचारलं, “म्हणजे जेवण आहे ना?” मालिनी काकूंचा चेहरा लालबुंद झाला होता. मी रंगाचा जाणकार आहे, माझ्याहून लाल.

“काल कळलं आणि आत्ता सांगतेस? अगं, मी अर्विंगला सांगितलंय! तुझ्या आईला फोन करून पेढे वाटायला लावलेत!”

स्वानंदी शालीची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. आता तिला रडू फुटणार, हे मला दिसत होतं आणि मला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून अहिल्या आजी म्हणाल्या,

“ए पोरी, इकडं ये. पोर नाही म्हणतेस, मग इतके दिवस हलत होतं कोण?”

“ताराच, आजी. तो स्वतःभोवती फिरतो. त्याच्या अंगावर डाग आहेत, म्हणून तसं वाटलं.”

“म्हणजे तो आहे? का तोही नाही?”

“नाही नाही, तो आहे ना!” स्वानंदी घाईनं म्हणाली. “तो नक्की आहे, आजी.”

“त्याला काय म्हणतात?”

स्वानंदीनं माझी नंबर प्लेट सांगितली. आजींनी नाक मुरडलं. “हे काय नाव झालं? तुरुंगात आहे का तो? बारसं झालंय त्याचं?”

“नाही, आजी.”

“मग त्याचंच करून टाका. हॉल चारपर्यंतच आहे ना, मालिनी?”

“अहो आई, तारा केवढा म्हातारा असतो! त्याला पाळण्यात कुठं घालताय?” काकू वैतागून म्हणाल्या.

“काय गं, वय काय त्याचं?”

“सात-आठशे कोटी वर्षं.” स्वानंदीनं नाक पुसलं. “पण लाल खुजे तारे फार जगतात, आजी. अजून लाखो कोटी वर्षं जगेल तो. आपला सूर्य विझून किती काळ लोटेल, तरी हा असेल.”

आजींनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. “अगं, मग तान्हाच आहे की! अजून मान धरत नसेल.”

पहिल्यांदा राधिका हसली. मग मागची रांग, मग सगळा हॉल. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी एकदा बॉलकडे बघितलं, एकदा स्वानंदीच्या त्या वेड्यावाकड्या घडीकडे.

“मी अजून रागावलेय,” त्या म्हणाल्या. “पण ये इकडे. आत्या तू हो. तीन वर्षं त्याच्याकडे तूच बघतेयस.” आणि शाल उलगडून पुन्हा तिच्या खांद्यावर घातली. “नाव काय? नील चालेल?”

“लाल आहे तो, काकू.”

“बाळू ठेवा,” आजी म्हणाल्या. आजींपुढे कोण बोलणार? ठरलं.

स्वानंदी पाळण्यावर वाकली. बॉलला कान नव्हता, म्हणून हवा भरायच्या भोकाशी तोंड नेऊन तिनं कुर्र केलं आणि म्हणाली, “बाळू.” मग रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीवर बुक्के घातले. वीस-पंचवीस बायका, हातात बांगड्या, सगळ्या हसतायत आणि धपाधप बुक्के. मालिनी काकूंचा बुक्का जरा जास्तच जोरात होता, तो मी ओळखला. त्या बुक्क्यांखाली स्वानंदी रडायला लागली आणि रडतारडता हसायला लागली. काकूंनी तिला कुशीत घेतलं आणि म्हणाल्या, “बघू गं पुढचं पुढे. आधी जेव.”

पुढचं सोपं गेलं नाही. सर महिनाभर तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत. फंडिंग गेलं. विद्यापीठानं ठेवून घ्यावं म्हणून तिनं पहिल्या वर्षाच्या पोरांच्या लॅब घेतल्या, त्यांच्या शंभर-शंभर उत्तरपत्रिका तपासल्या, काकूंच्या बेसमेंटमध्ये राहिली, बर्फात स्टेशनपर्यंत चालत गेली आणि उरलेल्या वेळात माझ्याकडे बघितलं. आता पोरांसाठी नव्हे, डागांसाठी. डाग ग्रहाचं सोंग कसं घेतो आणि ते सोंग कसं ओळखायचं, यावर तिनं प्रबंध लिहिला. दोन हजार आठ साली ती डॉक्टर झाली, माझ्या पुळ्यांवर! मंडळानं पुन्हा सत्कार केला. शाल घालण्याआधी काकूंनी कानात विचारलं, “या वेळी नक्की ना गं?”

मघाशी पोरं दोन म्हणालो, पण तसा मला अजून एक आहे, लांबवर, लहानखुरा, थंडगार. त्याच्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पुन्हा पाळणा आणतील.

तर हे सगळं मला अलीकडे दिसलं. मला नाव ठेवलेलं दिसलं, त्या क्षणी मी भडकलो. रागानं नव्हे. सात-आठशे कोटी वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी हाक मारली होती आणि मला फार बरं वाटलं. हाक मारल्यावर ओ द्यायची रीत मला माहीत आहे, पण माझ्याजवळ आहे काय, उजेड. होता तेवढा सगळा एकदम पेटवला. तो आता वाटेत आहे.

तुमच्याकडे पोचेल तेव्हा स्वानंदीचे केस पिकलेले असतील. राधिका आपल्या पोरांना बास्केटबॉल शिकवत असेल. अहिल्या आजी नसतील. त्या तेव्हाच ऐंशीच्या घरात होत्या आणि तुम्ही लोक किती जगता ते मला ठाऊक आहे. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनाच ओ ऐकू येणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. कधी कुणाला दुर्बिणीतून तो तांबडा बुटका तारा एकाएकी उजळलेला दिसला, तर यंत्र बिघडलं म्हणून पुसत बसू नका आणि नवा ग्रह सापडला म्हणून पेढेही वाटू नका. स्वानंदीला फोन करा. म्हणावं, बाळूनं ओ दिली.